मागचा मणी

उधना, ३ डिसेंबर १९९७

चि. सौ. सुंदरा हिला वत्सलाजिजीचे आशीर्वाद. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पंडित भावजींनाही.

कळवण्यास अतिशय दुःख होते की माझ्या डाव्या कानातल्या फुलाची फिरकी गेल्या शनिवारी सकाळी, पाण्याच्या रांगेत हंडा उचलताना, आम्हांला सोडून गेली. पार्थिव अद्याप सापडलेले नाही. मी मोरीची जाळी उचकटली, नळाखालचा चिखल चाळणीने चाळला, शेजारच्या कलाबाईच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. ती म्हणाली, "वत्सलाबाई, ते माझं प्यायचं पाणी आहे." मी म्हटलं, "आणि ते माझं सोनं आहे." सध्या फुलामागे सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा बसवलाय. पुढून सोनं, मागून रबर. कलाबाई समजूत घालते, "जाऊ द्या हो, मागचं कोण बघतं?" ऐन लग्नाच्या घरात नवरीची आई पंक्चर काढलेल्या कानाने मिरवणार, याची खंत तुमच्या हजीऱ्यापर्यंत पोचावी म्हणून हा आंतर्देशीय कागद खर्ची घातला.

उजव्या कानातली फिरकी शाबूत आहे. तिच्याबद्दल पुढे कधीतरी.

हो, लग्न निघालंय. कविताचं, माघात. मुलाचं नाव प्रवीण, मूळचे नंदुरबारकडचे, पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये आहे. बघायला आला तेव्हा त्याची नखं हिरवी होती. तो गेल्यावर कविता म्हणाली, "मला पसंत आहे. बाबांची नखं कायम निळी, तेवढाच बदल." तुमच्या रघुनाथदादांनी हात पाठीमागे घेतले आणि मग हसले.

आता कामाचं. लग्नात कविताच्या गळ्यात माझी बोरमाळ घालायची आहे. माळ डब्यात सुटी पडून आहे. दोरा कुजला. इथे एक पटवेकरी आहे, तो नायलॉनमध्ये गाठवून देतो. म्हणतो, "बाई, शंभर वर्षं हलणार नाही." शंभर वर्षं न हलणारी वस्तू आपल्या घरात शोभेल कशी? तुझ्यासारखी रेशमात, गाठ न दिसता गाठवणारी दुसरी बाई मला सुरतेत माहीत नाही. एक दुपार येऊन जा.

तीन वर्षं झाली तुला इथून जाऊन. भावजींना तिकडे नोकरी लागली म्हणून गेलात, असं सगळ्यांना माहीत आहे. मीही तेच सांगते. उधन्याहून हजीऱ्याला बस दीड तासात जाते आणि हे पत्र तीन दिवसांनी पोचेल. म्हैस सोडली असती तर दोन दिवसांत आली असती. पण म्हशीला लिहिता येत नाही आणि मला बसमध्ये चढवत नाही.

कविता म्हणते, काकू नाही तर हळद नाही.

वत्सला


उधना, २३ डिसेंबर १९९७

चि. सौ. सुंदरा,

परवा रविवारी भावजी येऊन गेले. तूरडाळ आणली, सुकं खोबरं आणलं, तुझ्या हातचे शेवयांचे गुंडाळे आणले. तुला सोडून सगळं आणलं. मी विचारलं, "आणि सुंदरा?" तर म्हणाले, "ती म्हणे, देखू." एवढा एक शब्द तू तीस किलोमीटर पाठवलास. मी तो उलटून पालटून बघितला. आत काही नव्हतं.

भावजी, तुम्ही जेवताना ती गोष्ट हसत सांगितलीत, ती मला हसून ऐकता आली नाही. तुम्ही हे वाचताय म्हणून पुन्हा लिहिते, म्हणजे सुंदराला कळेल की मला आता ठाऊक आहे.

प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, अख्खं सुरत बोचकी घेऊन स्टेशनावर लोटलं होतं. कविता तापाने फणफणलेली. प्लेग नव्हता, साधा हिवताप होता, पण त्या दिवसांत गाडीत कुणी शिंकलं तरी डबा रिकामा व्हायचा. तिला घेऊन आम्ही निघणार कसे? तू अडून बसलीस, "जिजी, मी पण नही जाव." मी तुला ढकलून काढलं. कनवटीला माझ्या माळेची पुरचुंडी खोचली आणि म्हटलं, "आम्ही राहिलो तर परत आण. नाही राहिलो तर तूच घाल." तुला रडू आलं आणि मी तुझ्यावर खेकसले, कारण दोघी रडलो असतो तर गाडी चुकली असती.

त्या गाडीत, भावजी म्हणतात, नवापूरच्या पुढे तू एकाएकी बाकाखाली शिरलीस. लोकांच्या पायांमधून रांगत होतीस. भावजी ओरडले, "काय पडलं?" तू म्हणालीस, "तुरीचे दाणे." ते म्हणाले, "मरो ते दाणे, वर ये!" तू आली नाहीस. तीन स्टेशनं जाईपर्यंत तू खाली होतीस. "एवढ्या तुरीसाठी!" असं म्हणून भावजी इथे पोट धरून हसले, आणि तुमचे दादाही.

तुरीचे दाणे नव्हते ते, हे मला कळलं.

ती माळ काय होती, हे भावजींना माहीत नसेल. गुरुपुष्याला गुंजभर तरी सोनं घ्यावं, ही सासूबाईंची शिकवण. गुंजभर घ्यायलाही आपल्याला वर्ष वर्ष लागायचं. आपण दोघी जावा एकाच खोलीत राहायचो, साड्यांवर टिकल्या चिकटवायचो, आणि डिंकाने बोटं एकमेकींना चिकटली की हसत बसायचो. त्यातून एक मणी यायचा. मणी माझे असायचे, निवड तुझी. मगनकाका सोनी पेटी उघडायचे आणि तू एकेक मणी तळहातावर फिरवून बघायचीस, बाजारात वांगी बघतात तशी. ते वैतागायचे. एक मणी दादांच्या मिलचा संप मिटला तेव्हाचा. एक, कविताने साडीवरची टिकली गिळली आणि दोन दिवसांनी सुखरूप परत केली त्या आनंदाचा. एक मणी तर कशाचाच नाही. त्या गुरुवारी तू म्हणालीस, "आज नुसतंच घेऊ, जिजी." मला सगळ्यांत तोच आवडतो, आणि एकवीस मण्यांतला तो कुठला, हे आता सांगता येत नाही. तुला येईल.

दिवाळीनंतर तुम्ही परतलात, तू माळ परत दिलीस, तेव्हा मागच्या बाजूला, फासाजवळ, एक मणी वेगळा होता. बाकीचे बोराएवढे, हा दाण्याएवढा, मळका. त्यावरून आपलं काही बोलणं झालं. भावजी, बायकांचं बोलणं होतं, तुम्ही पुढची ओळ घ्या.

पुढची ओळ अशी की शेवया आम्ही अजून उकळलेल्या नाहीत. तू आलीस की करू.

वत्सला


उधना, ९ जानेवारी १९९८

चि. सौ. सुंदरा,

आज मगनकाकांकडे गेले होते. फिरकीसाठी. काका आता ऐंशीला टेकलेत, पेटी मुलगा सांभाळतो, पण कसोटीचा काळा दगड अजून त्यांच्याच मांडीशी असतो. मी जाताना मण्यांची पुरचुंडी बरोबर नेली. का नेली ते विचारू नकोस.

पुरचुंडी सोडून मी तो बारका मणी वेगळा काढला आणि म्हटलं, "काका, हे पितळ आहे ना?" तीन वर्षं मी त्याला पितळ म्हणत आले होते. एखाद्याला तीन वर्षं पितळ म्हटलं की त्याने तसं निघावं अशी आपली अपेक्षा असते.

काकांनी तो दगडावर घासला. मग माझा एक मोठा मणी घासला. मग दुसरा. काळ्या दगडावर तीन रेघा उमटल्या. दोन फिक्या होत्या, एक पिवळीधमक. मला सांगावं लागलं नाही पिवळी कुणाची ते. काकांनी मोठ्या मण्यांकडे बघून थोडं खाकरल्यासारखं केलं, कारण ते त्यांच्याच पेटीतले.

मग ते चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे. म्हणाले, "बेन, आनो भाई तो तमारा गळामां बेठो छे."

मी मंगळसूत्र हातात धरून बघितलं.

भावजी, इथून पुढे कागद कोरा आहे. शाई संपली.

वत्सला


उधना, संक्रांत, १४ जानेवारी १९९८

चि. सौ. सुंदरा,

शाई संपली नव्हती.

भावजी, तुम्हांला एक विनंती आहे. आजवर मी तुम्हांला ओळी गाळायला सांगितल्या. आज एकही गाळायची नाही. सुंदराला समोर बसवा, दार लावा आणि मोठ्याने वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तरी थांबू नका. तिला अक्षर येत असतं तर तुम्हांला हा त्रास दिला नसता. आणि खरं सांगायचं तर, तिला येत नाही या गोष्टीच्या आड मी तीन वर्षं बसले होते. भावजी वाचतात, मग लिहायचं कसं, असं स्वतःला सांगत होते.

तुमची बायको तुमच्या नोकरीसाठी उधना सोडून गेली नाही. नोकरी तिने तुमच्यामागे लागून घ्यायला लावली. ती माझ्यामुळे गेली. तिने हे तुम्हांला सांगितलेलं नाही, नाहीतर तुम्ही माझ्याकडे तूरडाळ घेऊन आला नसता.

तिने माळ परत दिली तेव्हा मी मणी मोजले. एकवीस भरले. पण एक बारका, मळका, मागे दडवल्यासारखा. मी म्हटलं, "सुंदरे, माझा मणी कुठे? हा पितळेचा कुठून आणलास?" ती म्हणाली, "जिजी..." आणि थांबली. त्या थांबण्याला मी कबुली समजले. कलाबाई दारात उभी होती. मी म्हटलं, "घरातच चोर असल्यावर प्लेगला काय भ्यायचं!"

वाक्य चांगलं जमलं होतं. कलाबाई खळखळून हसली. वाक्य जमलं की माझी जीभ थांबत नाही, हे तुला माहीत आहे, सुंदरे. म्हणून मी ते आणखी एकदा म्हटलं. आणि दोरा कुजला, हे मी खोटं लिहिलं. दोरा मी तोडला, तुझ्यासमोर, तो मणी वेगळा काढून कलाबाईला दाखवायला. तू खाली बसून वीस मणी वेचलेस, पदराला पुसलेस, माझ्या डब्यात ठेवलेस. एकाच माळेचे मणी दुसऱ्यांदा वेचत होतीस तू. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वेचू लागले असते का, याचं उत्तर मला देता येत नाही.

आज गच्च्यांवर अख्खं उधना चढलंय. पतंग कटला की सगळीकडून ओरडतात, "काप्यो छे!" मी खाली एकटी लिहितेय आणि दर दोन ओळींमागे कुणीतरी वरून ते ओरडतं.

आता मण्याचं. सासूबाईंनी त्यांची एक पाटली मोडून आपल्या दोघींची मंगळसूत्रं गावच्या सोनाराकडे घडवली होती. त्या सोन्याचे, त्या साच्याचे मणी जगात दोनच गळ्यांत आहेत. गाडीत माळ तुटली. तुला वीस सापडले. एकविसावा लोकांच्या पायांखाली गेला. मग तू तुझ्या मंगळसूत्रातला एक मणी काढलास आणि तो माझ्या माळेत, दिसू नये म्हणून मागे ओवलास. तुझ्याकडे सोनं म्हणून ते मंगळसूत्र आणि कानातली फुलं, एवढंच होतं.

त्या दिवसांत, माणसं पटापट मरत असताना, नवरा शेजारी बसलेला असताना, मंगळसूत्रातला मणी काढणं कुठल्या बाईला सांगता येतं? सासूबाई असत्या तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तू "जिजी" म्हणून थांबलीस. आणि मी, जिच्या गळ्यात त्याच मण्याची भावंडं सत्तावीस वर्षं लोळतायत, तिला ओळखू आलं नाही. आरशात मी कानातली फुलं बघत होते.

भावजी, आता तिच्या गळ्याकडे बघू नका. तुम्हांला काही झालेलं नाही, तुम्ही ठणठणीत आहात, शेवया खाताय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. भाऊ-भाऊ बोलायचे बंद होतील आणि पोरीच्या लग्नात काका दिसणार नाही, ही भीती मला आहे. ती घेऊनच लिहितेय. दादांना मी सकाळीच सगळं सांगितलं. ते दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेले, अजून आलेले नाहीत. उन्हं कलली.

सुंदरे, मी तुला चोर म्हटलं. तू चोर नव्हतीस. हे वाक्य काही जमलेलं नाही, पण हेच आहे. कलाबाईलाही मी काल सांगितलं, नळावर, सगळ्या रांगेसमोर. ती या वेळी हसली नाही.

माळ गाठवायला ये, असं मी आता म्हणत नाही. पण आलीस तर तो मणी मध्ये घाल. पुढे, पदकाच्या जागी. सगळ्यांना दिसू दे.

तिळगूळ पाठवत नाही. तुझ्याकडून गोड बोलणं मागायचा हक्क मला नाही.

वत्सला


उधना, ४ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. सुंदरा,

आज आंतर्देशीय नाही, पाकीट आहे. का, ते खाली येईल.

भावजींचं कार्ड मिळालं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी एवढं आखूड काही लिहिलं नसेल. "पत्र वाचले. मोठ्याने. सुंदरा येईल म्हणते. मी खाली थांबेन." दादांनी ते तीनदा वाचलं आणि खिशात घातलं. मला परत दिलं नाही.

गेल्या गुरुवारी मी कुलदैवताला पहिली पत्रिका ठेवायला गावी जाणार, हे दादांनी भावजींना कळवलं होतं. म्हणजे तुलाही माहीत होतं. तू नेमकी त्याच दिवशी आलीस. शुक्रवारी मी पिशवी खाली ठेवायच्या आत कविता म्हणाली, "काकू येऊन गेली." मी उभीच राहिले.

मग मी तिला पोलिसासारखं विचारलं. काय नेसली होती? "हिरवं, धुवट." वाळलीय का? "थोडी." भावजी? "खाली पानाच्या गल्ल्याशी उभे होते. वर आले नाहीत. बाबा कामावरून आले तेव्हा दोघं बराच वेळ तिथेच उभे होते. बोलत नव्हते, पण पान खाल्लं." हे ऐकून मी पिशवी खाली ठेवली.

"आणि काकूने सुई मागितली नाही, आई. खिडकीतल्या डबीत थेट हात घातला."

डबी तिथेच आहे हे तुला ठाऊक होतं. मी ती कधी हलवली नाही. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, आळस.

कविता सांगते, रेशीम तू घरून आणलं होतंस, तांबडं. दारातल्या उजेडात बसलीस आणि एकेक मणी तळहातावर फिरवून घेतलास. एक मणी हातात धरून म्हणालीस, "हाऊ नुस्ताच लिन्हा व्हता." म्हणजे तुला तो आठवतो. मी नव्हते म्हणून मला कळलं नाही तो कुठला. कविताने बघितला, पण पोरीने खूण केली नाही.

चहा तू अर्धा कप घेतलास. कप धुतलास आणि फळीवर पालथा घातलास, कोपऱ्यात, जिथे तुझा असायचा. तो मी अजून तिथून उचललेला नाही. आम्ही तिघं उरलेल्या तीन कपांत भागवतोय. पाहुणे येऊ लागले की अडचण होणार आहे.

माळ बघितली. गाठ शोधली, सापडली नाही. आणि तो बारका मणी तू पुढे घातला नाहीस. फासाजवळ, मानेखाली, जिथे होता तिथेच. कविताने तुला सांगितलं होतं, "काकू, आई म्हणते तो मध्ये घाल." त्यावर तू जे म्हणालीस ते तिने मला तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं: "मनी मांगेच बरा शे. म्होरे उना की लोके इचारतस."

सुंदरे, अजूनही तू मलाच झाकतेस.

हळदीला येशील का, विचारल्यावर तू म्हणालीस, "देखू." कविताला मी विचारलं, कसं म्हणाली? मान खाली घालून? वर बघून? ती म्हणते, "आई, दोरा दातांत धरला होता तिने. कळलं नाही." तेव्हापासून मी दोरा दातांत धरून "देखू" म्हणून बघते. प्रत्येक वेळी वेगळं ऐकू येतं.

हळद पंधराला आहे, लग्न सोळाला. आलीस तर काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही, एवढं मी तुला वचन देते, आणि मला ओळखणाऱ्यांना या वचनाची किंमत कळेल. जेवायला थांबली नाहीस तरी चालेल. शेवया मात्र मी त्या दिवशी सकाळीच उकळणार आहे.

सोबत पत्रिका आहे. शिरपूरला लखनच्या लग्नात, ब्याण्णव साली, मांडवात माझ्या उजव्या कानातली फिरकी पडली होती. तू तुझी काढून दिलीस आणि स्वतःच्या फुलामागे तुरकाठीचा तुकडा खोचलास. मी म्हटलं, "उद्या देते." आपली फुलं एकाच दिवशी, मगनकाकांच्या एकाच डबीतून घेतलेली, म्हणून तुझी फिरकी मला बरोबर बसली, आणि बसली म्हणून राहून गेली. पत्रिकेच्या कोपऱ्यात, हळदीकुंकवाच्या बोटांखाली बघ. तू टाकून गेलेल्या तांबड्या दोऱ्याने शिवलीय. नीट उसव, हरवू नकोस.

व्हॉल्व्हट्यूब दोन्ही कानांना पुरली. गाठ मला तुझ्यासारखी जमत नाही, मागून दिसते.

तुझी,
वत्सला